पावसाळ्यात लोणच्यावर बुरा येतो? तो बरणीत कुठे आलाय, त्यावरून कारण शोधा

मृगाच्या आसपास घातलेलं कैरीचं लोणचं महिनाभर छान मुरतं, खार सुटतो, मोहरीचा वास स्वयंपाकघरात भरून राहतो. मग आषाढात कधीतरी दादरा, म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं, सोडावा, तर वर पांढुरका, कडेने हिरवट झालेला बुरा. एखाद्या वर्षी झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण ज्या घरी हे होतं त्या घरी ते दरवर्षी होतं, आणि दरवर्षी उपाय अंदाजाने केला जातो. एका वर्षी मीठ वाढवलं, दुसऱ्या वर्षी तेल बदललं, तिसऱ्या वर्षी कैरीवाला बदलला. पुन्हा आषाढ आला की पुन्हा बुरा.

माझं सांगणं एवढंच, की बुरा दिसला की बरणी लगेच रिकामी करू नका आणि ढवळू तर मुळीच नका. आधी ती उजेडात न्या आणि बुरा नेमका कुठे उगवलाय ते बघा. बुरशीला वाढायला पाणी आणि हवा लागते. कैरीचा आंबटपणा तिला फारसा अडवत नाही आणि मिठाचीही तिला बरीच सवय असते. त्यामुळे बुरा जिथे आला तिथे पाणी आणि हवा या दोन्ही पोचल्या, हे नक्की. ती जागा सापडली की कारण सापडलंच. ढवळलंत तर हा पुरावाही जातो आणि बुरशी साऱ्या बरणीत पसरते.

बुराच आहे ना, हे आधी ठरवा

पांढरं दिसलं म्हणजे बुराच असं नाही. खडेमीठ वापरलं असेल तर बरणीच्या कडेला खार सुकून मिठाचे कण जमतात. ते चिमटीत घेऊन कोमट पाण्यात टाका, विरघळले तर काळजी नाही. लोणचं फ्रीजमध्ये असेल तर शेंगदाण्याचं तेल गारठून पांढरट, गढूळ दिसतं. बाहेर तासभर ठेवलं की पुन्हा पातळ आणि स्वच्छ होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे यीस्टचा पापुद्रा. तेल नसलेल्या, मिठाच्या पाण्यातल्या लोणच्यांवर हा हमखास येतो: लिंबू-मिरचीवर, खारातल्या कैऱ्यांवर, गाजर-मुळ्यावर. तो सपाट असतो, दुधाळ असतो, चमच्याने ढकलला तर सुरकुततो, पण त्याला लव नसते. जर्मनीतल्या सावरक्राउटवर (आंबवलेल्या कोबीवर), पोलंडमधल्या खाऱ्या काकड्यांवर, कोरियातल्या किमचीवर (तिखट, आंबवलेल्या भाज्यांवर), सगळीकडे हा येतो आणि सगळीकडे लोक तो वरून काढून टाकतात. जपानमध्ये तांदळाच्या कोंड्यात भाज्या मुरवतात, त्याला नुकाझुके म्हणतात. तो कोंडा रोज हाताने खालपासून वर ढवळतात, उन्हाळ्यात दिवसातून दोनदाही. न ढवळता ठेवला की वर हाच पांढरा थर जमतो. यीस्ट विषारी नसतं, पण ते लोणच्यातलं आम्ल खातं आणि वास बिघडवतं, म्हणून दिसलं की काढायचं.

बुऱ्याला मात्र लव असते. कापसासारखे तंतू वर उभे दिसतात, आणि दोन-चार दिवसांत त्यावर हिरवा, निळसर किंवा काळा रंग चढतो. हे दिसलं तर पुढे वाचा.

तेलाबाहेर डोकावणाऱ्या फोडीवर

सर्वांत जास्त वेळा बुरा इथेच येतो, म्हणून यावर जरा थांबतो.

जूनमध्ये बरणी भरताना तेल वरपर्यंत असतं. पंधरा दिवसांत फोडी तेल पितात, मोहरीची डाळ आणि मेथी फुगून तेल ओढून घेतात, आणि पातळी खाली जाते. त्यात आपण रोज वाटीत थोडं काढतो, काढताना खालच्या फोडी वर येतात. एका फोडीचा कोपरा तेलाच्या वर राहिला तर तेवढाही पुरतो.

आता हे पावसाळ्यातच का होतं, ते बघा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. स्वयंपाकघरातलं मिठाचं भांडं जुलैत ओलं होतं ते याचमुळे. कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात त्या दिवसांत आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. तेलाबाहेर राहिलेली फोड खारट असते, म्हणून तीही तसंच हवेतलं पाणी ओढते. तिच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर येतो, तेवढ्याच जागी मीठ सौम्य होतं आणि बुरशीला हवी तशी जागा तयार होते. बाकीच्या बरणीत मीठ अगदी बरोबर असलं तरी त्या कोपऱ्यावर ते कमीच पडतं. त्याच कृतीने घातलेलं लोणचं घाटावर कोरड्या गावात वर्षभर टिकतं आणि मुंबईला आणलं की बुरसतं. त्यात सासरच्या-माहेरच्या कृतीचा काही दोष नसतो.

म्हणून मीठ वाढवून हा बुरा थांबत नाही. फोड बुडलेली राहिली पाहिजे. आपल्याकडच्या अन्नमानकांतही तेलातल्या लोणच्यासाठी वर किमान अर्धा सेंटीमीटर तेलाचा थर असावा असं धरलेलं आहे. घरच्या बरणीसाठी मी बोटाचं एक पेर सांगतो, कारण घरी बरणी रोज हलते. थर कमी झाला की तेल चांगलं कडकडीत तापवायचं, पूर्ण गार करायचं आणि मगच वरून सोडायचं. पूर्ण गार म्हणजे भांड्याला तळाशी हात लावला तरी ऊब लागता कामा नये.

जगभरात लोणची घालणाऱ्यांनी याच एका गोष्टीवर सर्वांत जास्त डोकं लढवलंय. जपानी उमेबोशीचं उदाहरण आपल्याला फार जवळचं आहे, कारण ती आपल्यासारखीच पावसाच्या तोंडावर घालतात. जूनमध्ये पिकू लागलेली उमे नावाची आंबट फळं, त्यांच्या वजनाच्या १८ ते २० टक्के मीठ आणि वर जड दगड. दगडाच्या वजनाने फळांना पाणी सुटतं आणि फळं त्या खाऱ्या, आंबट पाण्यात बुडतात. तिथल्या बायका पहिले काही दिवस डोळ्यांत तेल घालून बघतात ते हेच, की पाणी वर चढलं का. ते चढायला उशीर झाला की वरच्या फळांवर बुरशी येते. म्हणून भांड्याला आणि फळांना आधी कडक दारूचा हात लावतात. पावसाळा सरला की जुलैच्या अखेरीस ती फळं उन्हात वाळवतात.

आपल्याकडेही दगड आहेच. गोव्यात कोवळ्या कैऱ्यांना मीठ लावून वजनाखाली चेपून ठेवतात, ते चेपणीचे तोर. तेलाचा थेंब नाही, तरी टिकतात, कारण वजन त्यांना खारात दाबून ठेवतं. चीनमधल्या सिचुआन प्रांतात पाओत्साय नावाची लोणची ज्या मातीच्या बरणीत घालतात तिच्या गळ्याभोवती पन्हळीसारखी खाच असते. त्या खाचेत पाणी भरून वर वाटी उपडी घालायची: आतला वायू बुडबुड्याने बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. सावरक्राउटसाठी जर्मनीत वापरतात ती दगडी मातीची भांडीही याच बनावटीची असतात. कुठे दगड, कुठे पाणी, आपल्याकडे तेल. कैरीच्या तेलातल्या लोणच्यात तेल हेच झाकण आहे, हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धे प्रश्न सुटतात.

बरणी मोठी आणि लोणचं तळाशी, असं झालं असेल तर तेल ओतत बसू नका. लोणचं लहान, उंच, अरुंद बरणीत काढा. तेवढ्याच तेलात थर जाड बसतो.

बरणीच्या आतल्या भिंतीवर, तेलाच्या वर

भिंतीवर गोल कडं दिसत असेल तर तो काढताना चिकटून राहिलेला मसाला आहे. चमचा वर येताना भिंतीला घासतो, मोहरी-तिखटाचा पातळ थर राहतो, त्यावर तेल टिकत नाही, निथळून जातं. उरतं ते मीठ, मसाला आणि हवा. दर वेळी काढून झाल्यावर कोरड्या, स्वच्छ फडक्याने आतली भिंत तेलाच्या रेषेपर्यंत पुसून घ्या. एवढं केलं तरी पुरतं. फडकं ओट्यावरचं नको, धुऊन उन्हात वाळवलेलं हवं.

झाकणाच्या आतून किंवा दादऱ्यावर

इथे बुरा आला असेल तर बरणीत वाफ कोंडली गेली होती. फोडणी कोमट असताना ओतली आणि झाकण लावलं, की वाफ झाकणाला लागून थेंब होतात, ते थेंब तेलावर पडून खाली बुडतात. वरून काही दिसत नाही. दुसरं कारण फ्रीज. गार बरणी बाहेर काढून उघडली की बाहेरच्या दमट हवेतलं पाणी तिच्या आत जमतं, पुन्हा फ्रीजमध्ये, पुन्हा बाहेर. लोणचं एकतर कायम फ्रीजमध्ये ठेवा आणि वाटीत काढून लगेच आत टाका, नाहीतर कायम बाहेर.

पत्र्याचं झाकण असेल तर आतून बघा. मीठ आणि आम्ल त्याचा रंग खातात, गंज धरतो, आणि त्या खडबडीत जागेत ओल साचते. काचेचं किंवा चिनी मातीचं झाकण सर्वांत बरं.

दादरा बांधायची पद्धत चांगली आहे, वाफ अडत नाही, धूळ-माशी अडते. पण ती लोणचं मुरत असतानाच्या दिवसांसाठी. पाऊस जोरात सुरू झाला की दादऱ्याचं कापड स्वतःच दमट होतं. तेव्हा दादरा काढून घट्ट झाकण लावा.

एकाच जागी, मधोमध

सगळं ठीक आहे आणि एकाच ठिकाणी रुपयाएवढा ठिपका आहे, तर तिथे चमचा गेला होता. ओला, किंवा ताटातला, किंवा भाताचं शीत लागलेला. याला उपाय म्हणजे मोठी बरणी रोज उघडायचीच नाही. आठवड्यापुरतं लहान बाटलीत काढा, मोठी बरणी वर फडताळात ठेवा. जुन्या घरांत मोठा सट माळ्यावर आणि रोजची बरणी जेवणघरात असायची ती यासाठीच.

सगळीकडे, आणि लोणचं फसफसतंय

हे मात्र मिठाचं काम आहे, आणि इथे हिशेब करून बघण्यासारखा आहे.

किलोभर फोडींत साधारण साडेआठशे ग्रॅम पाणी असतं. त्यात २०० ग्रॅम मीठ घातलं तर मुरल्यावर होणारा खार जवळजवळ १९ टक्क्यांचा, म्हणजे उमेबोशीच्या जवळपासचा. यात बहुतेक जिवाणू गप्प बसतात. मीठ निम्मं केलं, १०० ग्रॅम घातलं, तर खार साडेदहा टक्क्यांवर येतो. यीस्टला आणि मीठ सहन करणाऱ्या जिवाणूंना तो चालतो. ते साखर खातात, वायू सोडतात, लोणचं वर येतं, झाकण उघडताना फुस्स होतं.

हल्ली रक्तदाबामुळे किंवा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मीठ आणि तेल दोन्ही कमी करून लोणचं घालतात. त्यात गैर काही नाही, पण ते लोणचं वर्षाचं राहत नाही. ते फ्रीजमधलं, महिन्या-दीड महिन्याचं लोणचं होतं. कृती नवी आणि बरणी मात्र जुन्या सवयीने फडताळात, हीच खरी चूक असते. थोडं थोडं घाला, गारव्यात ठेवा, संपवा.

सावरक्राउटमध्ये मीठ जेमतेम दोन-अडीच टक्के असतं, मग ते कसं टिकतं, असं कोणीही विचारेल. तिथे फसफसणं हवंच असतं. कोबीतल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल व्हावं म्हणूनच मीठ कमी ठेवतात. जास्त घातलं तर ते जिवाणूच थांबतील. हवा बंद, जागा गार, आणि काही दिवसांत आंबटपणा इतका वाढतो की दुसरं काही वाढू शकत नाही. किमचीचंही तसंच. थंडीच्या तोंडावर साऱ्या वस्तीने मिळून किमची घालायची कोरियातली प्रथा, किमजांग, २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेली. ती थंडीत होते ते उगाच नाही, गारव्यात आंबणं सावकाश चालतं. आपली कैरी आधीच आंबट, तिला आंबवायची गरजच नाही. तिला मिठाने आणि तेलाने जपायचं असतं. दोन वाटा वेगळ्या आहेत. अर्धी ही, अर्धी ती, असं केलं की लोणचं बिघडतं.

मिठाच्या बाबतीत आणखी दोन ठिकाणी गफलत होते. पहिली वाटीची. आजीच्या वहीत ‘एक वाटी मीठ’ लिहिलेलं असतं, पण बारीक मिठाची वाटी आणि खड्यांची वाटी यांचं वजन सारखं नसतं. खड्यांमध्ये पोकळी राहते, म्हणून ती वाटी हलकी भरते. वहीतलं माप बारीक मिठाचं असेल आणि तुम्ही खडेमीठ मोजलंत तर मीठ कमी पडणारच. लोणच्यापुरतं तरी मीठ तोलून घ्या.

दुसरी गफलत निथळण्याची. फोडींना मीठ-हळद लावून रात्रभर ठेवायचं आणि सुटलेलं पाणी काढून टाकायचं, ही पद्धत बरीच घरं पाळतात. पाणी कमी होतं हे खरं, पण त्या पाण्याबरोबर मीठही वाहून जातं, आणि पहिल्या रात्रीचं पाणी फार खारट असतं, कारण मीठ अजून फोडीच्या आत शिरलेलं नसतं. निथळल्यावर किलोमागे चाळीस-पन्नास ग्रॅम मीठ पुन्हा घालायला विसरू नका.

फोडी कोरड्या करण्याचं मी वेगळं सांगायला नको, पण क्रम सांगतो. कैऱ्या अख्ख्या असताना धुवायच्या, पुसायच्या, पंख्याखाली पूर्ण वाळवायच्या, मग अडकित्त्याने फोडायच्या. बाजारात कैरीवाल्याकडून फोडून आणल्या असतील तर त्या धुऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने, आणि धोतराच्या किंवा सुती साडीच्या कापडावर एकेरी पसरून ठेवा. देठाकडच्या खळग्यात पाणी राहतं, तिथे बोट फिरवून बघा.

‘कोणाचा हात लागला?’

हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लोणचं बिघडलं की अजूनही कितीतरी घरांत पहिला प्रश्न हाच असतो, आणि बोट घरातल्या मुलीकडे किंवा सुनेकडे वळतं. पाळी चालू असलेल्या बाईने बरणीला हात लावला की लोणचं नासतं, हे खरं नाही. बुरशीची बीजं हवेत असतात, प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात असतात, पुरुषाच्या हातावर असतात तशीच बाईच्या हातावर असतात, महिन्याच्या तिसाही दिवस असतात. ती वाढतात ओल आणि हवा मिळाली तरच. वर सांगितलेल्या पाचांपैकी कोणतीतरी एक खूण बरणीत नेहमी सापडते. ती शोधा, आणि कोणा मुलीला लोणच्यापासून लांब उभं करू नका. कोरडा हात, कोरडा चमचा, एवढंच लागतं.

हिंगाच्या धुरीबद्दलही विचारतात. निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर बरणी उपडी धरायची ही रीत चांगली आहे. निखाऱ्याच्या उबेने बरणी आतून खडखडीत कोरडी होते, तिचा खरा फायदा तो. गॅसच्या घरात निखारा नसेल तर काचेची बरणी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात ठेवा. चिनी मातीच्या बरणीला आतून बारीक तडा गेलेला असेल तर मात्र ना धुरीचा उपयोग ना उन्हाचा. त्या तड्यात जुना खार मुरलेला असतो, बरणी बदलाच.

बुरा आलेलं लोणचं वाचतं का?

तेलातल्या लोणच्यावर लव असलेला, रंग चढलेला बुरा पसरला असेल, तर ते टाकून द्या. मला माहीत आहे, हे जिवावर येतं. पण दिसतो तो फक्त वरचा भाग, तंतू खाली गेलेले असतात, आणि काही बुरशा विष तयार करतात, जे तापवूनही जात नाही. शिवाय बुरशी आम्ल खाते. तिच्या खालची जागा कमी आंबट होते आणि जे जंतू आम्लामुळे गप्प होते त्यांना वाव मिळतो. वरचं काढून बाकी उन्हात ठेवायचं, वरून कडकडीत तेल ओतायचं, हे उपाय बुरा दिसेनासा करतात, बरा करत नाहीत.

भिंतीवर किंवा झाकणाला सुरुवातीचा पुसट डाग आहे आणि खाली तेलाचा थर अखंड आहे, तर वाचतं. आधी भिंत आणि झाकण पुसून काढा, मग कोरड्या चमच्याने तेलाखालच्या फोडी दुसऱ्या बरणीत घ्या, वरचं तेल आणि कडेचा मसाला सोडून द्या, नवं गार तेल घाला, फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर तेही करू नका.

नुसतं फसफसलंय, बुरा नाही, वास आंबट पण स्वच्छ आहे, तर मीठ वाढवून, मोहरीची डाळ थोडी आणखी घालून फ्रीजमध्ये टाका. वास सडका, दारूसारखा किंवा कुबट असेल तर नको.

फोडी मऊ पडतात

बुऱ्याइतकीच येणारी तक्रार, पण उत्तर सोपं. पाडाला आलेली कैरी घेतली असणार. कैरी पिकू लागली की गराला धरून ठेवणारं पेक्टिन सैल पडतं, मग मीठ-तेल कितीही नेमकं असलं तरी फोड लिबलिबते. बाठ धरलेली, दाबून न दबणारी, आतून पांढरी कैरी घ्या. पिवळसर झाक असलेली बाजूला काढा, तिचा मेथांबा करा. बाठीचा तुकडा फोडीला राहू द्या, त्याने फोड आकार सोडत नाही.

काकडी खारवणाऱ्यांचीही हीच डोकेदुखी. काकडीच्या फुलाकडच्या टोकाला तिला मऊ करणारी द्रव्यं असतात, म्हणून तिकडे ते टोक पातळ कापून टाकतात. रशिया-पोलंडकडे बरणीत द्राक्षाची, ओकची पानं घालतात, पानांतल्या टॅनिनमुळे काकडी करकरीत राहते. कैरीला याची गरज नाही, पण कोणी काकडीचं लोणचं घालून बघत असेल तर उपयोगी पडेल.

फ्रोझन फोडी वापरणाऱ्यांना, म्हणजे अमेरिकेत, युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांना, हा त्रास जास्त होतो. गोठताना बर्फाचे कण पेशी फोडतात, वितळल्यावर पाणी भसाभसा सुटतं. त्या फोडींचं वर्षाचं लोणचं होत नाही. पूर्ण वितळवून, निथळून, पुसून ताजं लोणचं करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

कडूपणा आणि मोहरी

मेथी काळी होईपर्यंत तळली की लोणचं कडू होतं, आणि ते पुढे कमी होत नाही. मोहरीचा कडूपणा मात्र दोन-तीन आठवड्यांत उतरतो, थांबा. मोहरीच्या डाळीवर कडकडीत तेल ओतू नका. मोहरीचा झणका तिच्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतो, ओल लागल्यावर. कडक तेलात ते विकर मरतं. झणका गेला की त्याबरोबर बुरशीला अडवणारी मोहरीची ताकदही जाते. फोडणी हिंग-हळदीवर घ्या, गार करा, मग मोहरीत मिसळा.

लसूण हिरवी-निळी झाली तर

घाबरू नका. लसणीतली गंधकाची द्रव्यं आम्लात जाऊन हा रंग येतो, तो निरुपद्रवी आहे. उत्तर चीनमध्ये थंडीत व्हिनेगरमध्ये लसूण घालून ती मुद्दाम हिरवी करतात आणि नववर्षाला मोमोसारख्या पदार्थाबरोबर खातात.

लसणीच्या बाबतीत काळजी करायची ती दुसरीच. नुसत्या तेलात, आंबट आणि मीठ न घालता ठेवलेली लसूण बाहेर ठेवू नका. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू हवा नसलेल्या, कमी आंबट जागी वाढतो आणि त्याचं विष ना दिसतं ना वास येतो. पीएच हे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट; तो ४.६ च्या खाली असेल तर हा जंतू वाढत नाही. कैरीचा पीएच ३ च्या आसपास असल्याने कैरीचं लोणचं सुरक्षित, लिंबाचंही. पण लसूण, गाजर, फ्लॉवर, ओली हळद यांचं तेलातलं लोणचं घालताना लिंबाचा रस किंवा व्हिनेगर सढळ हाताने घाला, चवीपुरतं नाही.

नवं लोणचं जुन्यावर घालू नका

बरणीत गेल्या वर्षीचं चार फोडींचं लोणचं आणि छान मुरलेला खार उरलेला असतो, आणि तो वाया जाऊ नये म्हणून नव्यात मिसळला जातो. दरवर्षी बुरा येणाऱ्या घरांत हे हमखास सापडतं. जुन्यात बुरशीची बीजं असतील तर ती थेट ताज्या, अजून पाणी सुटणाऱ्या फोडींत जातात. जुना खार वेगळ्या बाटलीत काढा. थालीपिठाच्या पिठात, मेतकूट-भातावर, भरल्या मिरचीच्या सारणात तो आठवड्याभरात संपतो. बरणी मात्र मे महिन्यातच रिकामी करून, धुऊन, उन्हात ठेवलेली असू द्या.